चुलीवरच्या माळ्यावरचा कॅमेरा

आधी परातीतले स्क्रू वाजायचे. मग कोंबड्या गप्प व्हायच्या. मग खालून आवाज यायचा, कोणी मोठा धोंडा विहिरीत टाकावा तसा, आणि त्यानंतर खाट हलायची. मी अंगणात खाटेवर बसून कॅमेरा दुरुस्त करायचो, म्हणून हा क्रम मला ठाऊक. बाकीच्यांना नुसता धक्का कळायचा.

दोन हजार अठराची गोष्ट. त्या साली भाताची लावणी झाली आणि माझी बायको तापाने गेली. दिवाळी सरली आणि आमच्याकडे जमीन हलायला लागली. डहाणूपासून तलासरीपर्यंत, आमच्या वेवजीकडच्या पाड्यातही. एकदा हलून थांबली असती तर माणूस विसरला असता. ती थांबेना. सरकारी घरकुल योजनेतून बांधलेल्या पक्क्या खोलीला भेग पडली, हात जाईल एवढी. जुनी खोली कुडाची, म्हणजे कारवीच्या काठ्या उभ्या बांधून वर शेणमाती लिंपलेली. ती टोपलीसारखी डुलायची आणि पुन्हा उभी राहायची. पण झोपायला आत कोणी जाईना. मुलगा, सून, तिचं अंगावरचं पोर आणि मी, सगळे बाहेर प्लास्टिकच्या कागदाखाली.

आता पाड्यात बोलणं सुरू झालं. आमच्यात माणूस गेल्यावर त्याचं जेवण लगेच घालत नाहीत. घरात नवा भात येऊ देतात. मग गेलेल्याला पाटावर बोलवायचं, मोहाच्या दारूचे थेंब सोडायचे, त्याच्या आवडीचं वाढायचं आणि सगळ्या पाड्याने जेवायचं. तोवर ते माणूस अर्धं घरात, अर्धं बाहेर. भात घरात आला, कांडून झाला, आणि मी जेवण घातलं नव्हतं. जमीन हलत होती. माणसांनी दोन्हीची गाठ मारली.

तोंडावर बोलली ती माझी भावजय. थोरल्या भावाची बायको, विधवा, घर समोरच.

"भावोजी, बायकोला उपाशी ठेवून कसला डबा खोलून बसलायत?"

"तिचाच फोटो आहे यात," मी म्हटलं.

"फोटो काय खाणार आहे? ती खाली पाय आपटतेय, ऐकू येत नाही?"

मी म्हटलं, "पाय आपटायची तिला सवय नव्हती. ती भांडी आपटायची." भावजय हसली नाही. मला पण हसू आलं नाही, कारण तेव्हाच परातीत स्क्रू वाजले.

मला तिचा चेहरा पाटावर ठेवायचा होता, एवढंच. आता सगळे ठेवतात. मुलाच्या मोबाईलमध्ये बैल होता, मोटारसायकल होती, सून होती. आई नव्हती. मोबाईल दिसला की ती पदर ओढून आत पळायची. मुलगा म्हणाला, "बा, आधार कार्डावरचा मोठा करून आणतो." तो फोटो मी बघितला होता. त्यात ती कोंबडी चोरताना धरलेल्या बाईसारखी दिसते. मी म्हटलं, हिला मी पाटावर बसवणार नाही. ही माझ्या घरात कधी राहिलीच नाही.

खरा फोटो कॅमेऱ्यात होता. आम्ही दोघं बरीच वर्षं बोर्डीला चिकूच्या वाडीत कामाला होतो. दोन हजार चौदा साली वाडी सोडली तेव्हा मालकिणीने मला तिचा जुना डिजिटल कॅमेरा दिला. आतलं कार्ड काढून घेतलं आणि म्हणाली, थोडे फोटो याच्या पोटातच मावतात. त्याच दिवशी मी बायकोचा फोटो काढला. चिकूच्या झाडाखाली उभी, हातात चिकू उतरवायची जाळीची काठी. पडद्याच्या चौकोनात मला तिचं पूर्ण तोंड दिसलं होतं. म्हणून माझी खात्री होती.

घरी आल्यावर तिने कॅमेरा घेतला आणि जपून ठेवला. जपून म्हणजे कुठे? चुलीवरच्या माळ्यावर. आमच्याकडे जे राखायचं ते चुलीच्या धुरात ठेवतात. भोपळ्याचं बी, मक्याची कणसं, सुके बोंबील. धुरात ओल लागत नाही, कीड लागत नाही. मी पण म्हटलं, बरं केलंस. चार पावसाळे कॅमेरा बियाणाशेजारी धूर खात राहिला. खाली काढला तेव्हा ओल नव्हती, कीड नव्हती. पेन्सिल सेल घातले, बटण दाबलं. पुढची लेन्सची नळी अर्धी बाहेर आली, घर्र केलं आणि तिथेच अडकली. पडदा उजळला, विझला. पुन्हा दाबलं, पुन्हा तेच.

डहाणू स्टेशनजवळ फोटोवाल्याकडे नेला. त्याने हातात घेतला आणि वास घेतला.

"काका, यात बोंबील भाजले काय?"

"माळ्यावर होता."

"छोडो ने, काका. याच्या नळ्या एकीत एक सरकतात. त्यात तुमच्या चुलीचा चिकटा बसलाय. नळी पूर्ण येत नाही तोवर हा चालू राहणार नाही, आणि चालू राहिला नाही तर मी फोटो काढू कुठून?"

"मग उघड."

"मी नाही उघडत. आतलं काही तुटलं तर फोटो गेला. मग तुम्ही माझ्या दारात बसून रडाल. भंगारात घाला, नाहीतर घरी जाऊन स्वतः उघडा. निदान शिव्या स्वतःला द्याल."

माझं शिक्षण चौथीपर्यंत. पण वाडीत पाण्याची मोटर मीच खोलायचो. तलासरीच्या बाजारातून बारीक स्क्रूड्रायव्हर आणले, शेजाऱ्याचा चष्मा मागून घेतला आणि बसलो. अंगणातच बसावं लागायचं, आत कोणी बसू देत नव्हतं. दिवसा उजेडात, परात समोर. काढलेला स्क्रू परातीत. हात स्थिर ठेवायचा आणि खालची जमीन स्थिर नाही, असं ते काम. स्क्रूड्रायव्हर टेकवायचा, थांबायचं, कान परातीकडे. वाजलं की हात वर.

सून एकदा हळूच म्हणाली, "बा, आधारचाच ठेवू या ना. लोक मला विहिरीवर बोलतात." तिचं चूक नव्हतं. दोन बायकांनी आमच्या विहिरीवर यायचंच सोडलं होतं. मी म्हटलं, चार दिवस थांब.

वरचं टरफल काढलं आणि आत बोट घातलं, तर झटका बसला. असा की मी खाटेवरून खाली. सून ओरडली, "आला, आला!" आणि पोर घेऊन शेताकडे पळाली. तिच्यामागे सगळा पाडा पळाला. जमीन हलली नव्हती. फ्लॅशच्या दिव्याजवळ वीज साठून राहते, सेल काढले तरी, हे मला नंतर फोटोवाल्याने सांगितलं. लोक परत आले ते रागावून. भावजय म्हणाली, "चावली ना? चावणारच. भुकेली आहे."

खोटं कशाला बोलू, त्या दिवशी मला भीती वाटली. भुताची नाही. आपण उघडून ठेवलंय ते आता बंद होणार नाही, याची.

आतली दातेरी चक्रं मसुरीच्या दाण्याएवढी, आणि त्यांवर काळा चिकट थर, तव्याच्या बुडाला असतो तसा. पाणी चालणार नाही हे कळत होतं. रॉकेलने सगळं तेलकट झालं असतं. घरात एकच चीज होती. तिच्या जेवणासाठी मी मोहाची पहिल्या धारेची बाटली आणून ठेवली होती. तिला द्यायची दारू. झाकणात थोडी ओतली, कोंबडीचं पीस बुडवलं आणि चक्रावर फिरवलं. काळं सुटून पिसावर आलं. भावजयीने समोरून बघितलं आणि कपाळावर हात मारला.

"तिच्या तोंडची पण घातलीत त्या डब्याला!"

"तिलाच पाजतोय," मी म्हटलं.

नळ्यांच्या फटीत पीस फिरवून फिरवून मी चिकटा काढला. बोटाने नळी जरा सरकली. जोर केला नाही. सुकू दिली, मग टरफल बसवलं, स्क्रू पिळले. एक स्क्रू उरला. कुठला, ते अजून कळलेलं नाही. सेल घातले. बटण दाबलं. घर्र, घर्र, आणि नळी अडकली. मी कॅमेरा उलटा धरला, तोंड जमिनीकडे, आणि तळहातावर हलकेच आपटला. नळी सरसर बाहेर आली. ती बाहेर आली आणि परातीत तो उरलेला स्क्रू वाजला. मी फोटो बघायचं बटण दाबलं आणि पडद्यावरून नजर काढली नाही. जमीन हलून थांबली तेव्हा बायको माझ्यासमोर होती.

ती हसत नव्हती. मला हसरी आठवत होती. फोटोत तिचं तोंड उघडं होतं, भुवया वर, काठी माझ्याकडे रोखलेली. शिव्या देत होती. "ठेव तो डबा, भात करपला," असं काहीतरी. मी ते विसरलो होतो. पण तीच होती.

डहाणूच्या फोटोवाल्याने वायर लावून फोटो मोठा करून दिला. एवढंच विचारलं, "काका, दारूचा वास कसा येतोय?"

जेवण घातलं. सगळा पाडा आला. न येणाऱ्या त्या दोन बायका पण आल्या, कारण सगळ्यांना हे एकदाचं उरकायला हवं होतं. कुडाच्या खोलीत पाट मांडला. भावजय फोटो बघून म्हणाली, "उघड्या तोंडाचा फोटो ठेवू नये. बोलायला लागेल." मी ठेवला. थेंब सोडले. तिच्या पानावर नव्या भाताचा घास ठेवला, सुके बोंबील भाजून ठेवले. बाहेर पंगत बसली. बऱ्याच दिवसांनी माणसं मोठ्याने बोलत होती. कोणीतरी म्हणालं, चला, आता शांत होईल.

पानं अर्धी झाली होती. मी आत पाटासमोर होतो, परात माझ्याजवळ नव्हती, म्हणून मला आधी कळलं नाही. कोंबड्या गप्प झाल्या तेव्हा कळलं. मग तो धोंडा पडला, आधीच्या सगळ्यांपेक्षा मोठा. कूड डुलला. माळ्यावरची काजळी फोटोवर पडली आणि फोटो पालथा झाला. बाहेर माणसं उष्ट्या हातांनी उठली. पक्क्या खोलीची भेग पडलेली भिंत खाली आली. आत कोणी नव्हतं.

धूळ बसल्यावर मी बाहेर आलो. लांब पळून कोणी गेलं नव्हतं. सगळे शेतात उभे होते आणि माझ्याकडे बघत होते. आता रागाने नाही. मी काहीतरी सांगेन म्हणून. भावजयीच्या बोटांना भात तसाच चिकटलेला.

तिने अगदी हळू विचारलं, "भावोजी, आता कोणाचं जेवण राहिलंय?"

आत जाऊन मी फोटो पुसला, सरळ केला आणि तिचं पान तिच्यासमोर बसून पुरं खाल्लं. जमीन नंतरही हलत राहिली. त्यासाठी पाड्यात आमच्या घराचं नाव पुन्हा कोणी घेतलं नाही. मला ते बरं वाटायला हवं होतं. नाव होतं तोवर सगळ्यांना वाटत होतं, काही केलं तर थांबेल.

कॅमेरा खिडकीत आहे. नळी बाहेर आली ती पुन्हा आत गेली नाही. मी पण ढकलत नाही.