साखराबाईने परत केलेली घागर

दुधाच्या संकलन केंद्रात कामाला लागल्यावर पहिल्याच आठवड्यात साखराबाईने चेअरमनच्या चुलतभावाचं दूध परत पाठवलं. त्यात पाणी होतं, आणि पाणी असलेलं दूध ती घेत नसे, एवढंच. भाऊ आरडाओरडा करत राहिला. तिने कॅन त्याच्या मोटारसायकलला अडकवून दिला आणि पुढच्याला हाक मारली. हा स्वभाव गोड आहे असं कुणी म्हणणार नाही. त्याआधी चौदा हंगाम तिने नवऱ्याबरोबर, उत्तरेश्वरबरोबर, ऊस तोडला होता. पाठ गेली तेव्हा कोयता सुटला. शाळा चौथीपर्यंत झालेली, तेवढ्यावर तिने केंद्रातलं दूध तपासायचं यंत्र शिकून घेतलं.

ती राहायची देवडोंगरीला, पाटोद्याच्या रस्त्यावर. नगरपालिका आहे म्हणून शहर म्हणायचं, दुसरं कारण नाही. तिचा प्रभाग सात चढावर. माथ्यावर पाण्याची निळी टाकी आणि टाकीवर नगराध्यक्ष अर्जुनरावांचं नाव, एसटीतून वाचता येईल एवढं. टाकी बांधून तीन वर्षं झाली होती. गल्लीत नळही बसवले होते. बाया त्यांना पिशव्या अडकवत. पाणी टँकरचं, चौथ्या दिवशी, नशीब असेल तर. विचारायला गेलं की नगरपालिकेत एकच उत्तर मिळे: दुष्काळ आहे, चढाला दाब पुरत नाही. आणि दुधाच्या सहकारी संस्थेचे चेअरमनही हेच अर्जुनराव. साखराबाईची नोकरी त्यांच्याच मुठीत.

निवडणूक जवळ आली तशी घरोघरी रंगीत पुस्तिका वाटली गेली, ‘पाच वर्षांतील वचनपूर्ती’. साखराबाईने ती टँकरच्या रांगेतच मोठ्याने वाचली. पान अकरा: ‘प्रभाग सात – घरोघरी नळाचे पाणी सुरू.’

शेजारची भिवराबाई कमरेवर हात ठेवून म्हणाली, “सुरू झालं? अन् मला कुणी सांगितलं न्हाई? माझी सून चोरून न्हातीया का काय!”

रांग हसली. साखराबाई हसली नाही.

केंद्रात चाळीस कॅन येत. झाकण न उघडता कॅन भरलाय की मोकळा हे कळावं म्हणून ती स्टीलचं माप त्यावर हाणायची. भरलेला ठप्प बोलतो, मोकळा टणटणतो. सकाळचं दूध आटोपून ती तेच माप घेऊन निघाली. टाकीकडे जाणारा लोखंडी पाइप जमिनीखालून येतो, पण नाला दोनदा ओलांडतो आणि दोन्ही पुलांपाशी उघडा पडतो. पहिल्या पुलाशी तिने माप हाणलं. ठप्प. दुसऱ्या पुलाशी टणटण. मधे एकच गोष्ट होती: गार पाण्याचे जार विकणारा बद्रीनाथचा कारखाना. बद्रीनाथ म्हणजे अर्जुनरावांचा मेव्हणा.

तीन सकाळी तिने खात्री केली. तिसऱ्या वेळी भिवराबाईलाही वाजवायला लावलं.

“नोकरी जाईल, साखरे,” उत्तरेश्वर म्हणाला.

“गेली तर कोयता हाय की आढ्याला.”

“अन् पाठ?”

तिने भाकरी थापायला घेतली.

संक्रांतीनंतर अर्जुनरावांच्या बायकोचं, तुळजाबाईंचं, हळदीकुंकू होतं. मोठा मांडव, चारशे बाया आणि वाण म्हणून प्रत्येकीला प्लास्टिकची घागर. ट्रकमधून उतरवून तशाच रचलेल्या. साखराबाईची पाळी आली. तिने कुंकू लावून घेतलं आणि घागर तुळजाबाईंच्या हातात परत दिली.

“वैनी, सवाष्णीला रिकामं भांडं देत नसतेत.”

तुळजाबाईंचा चेहरा उतरला. माइकपाशी उभ्या असलेल्या नवऱ्याकडे वळून त्या म्हणाल्या, “मी म्हणलं होतं तुमाला, मूठमूठ तांदूळ तरी घाला!”

“तांदूळ नकोत,” साखराबाई म्हणाली. “पान अकरावर लिवलंय ते पाणी घाला.”

मागच्या बायांनी आपापल्या घागरी खाली ठेवल्या. अर्जुनराव माइक सोडून पुढे आले. “काकू, ही राजकारणाची जागा न्हाई.”

“मग पुस्तक कशापायी वाटलंत?”

“दुष्काळ हाय. चढाला दाब पुरत न्हाई.”

“बद्रीनाथभाऊंच्या कारखान्यापस्तोर पुरतोय की! अलीकडं पाइप भरलेला, पलीकडं मोकळा. चला, वाजवून दावते.”

अर्जुनराव हसले, पण ओठांनीच. “तुमचं काम दूध मोजायचं. ते तरी उद्या ऱ्हातंय का बघा.”

साखराबाईला पाठीतली जुनी कळ उभ्याउभ्या आठवली. तेवढ्यात म्हशीवाली कौशल्याबाई उठली. संस्थेला सगळ्यात जास्त दूध तिचं. “हिला काढा, उद्यापासून माझं दूध मी घरीच विरजीन.” “मी बी,” दुसरी म्हणाली. मग आवाज मोजण्याच्या पलीकडे गेले. आणि कुंकवाची वाटी ठेवून तुळजाबाईच म्हणाल्या, “चला. मला बी बघायचंय.”

बायकोच निघाल्यावर नवरा मागे राहतो कसा? चारशे बाया नाल्यावर आल्या. भिवराबाईने सगळ्यांदेखत दोन्हीकडे पाइप वाजवला. नगरपालिकेचा फिटर बोलावला गेला. त्याने कारखान्याच्या भिंतीलगतचं झाकण उचललं. टाकीकडचा व्हॉल्व्ह बंद, कारखान्याकडचा सताड उघडा.

“मला ह्याची कल्पना नव्हती,” अर्जुनराव म्हणाले.

“मग बघितल्याबिगर छापलं?”

चारशे बायांसमोर साखराबाईने पुस्तिका आणि पेन पुढे धरलं. पान अकरावरच्या त्या ओळीवर अर्जुनरावांनी स्वतःच्या हाताने काट मारली, ‘पाणी सुरू नव्हते’ असं लिहिलं आणि खाली सही केली. फिटरने व्हॉल्व्ह फिरवला, तेव्हा टाळ्यांनी नाल्यावरचे बगळे उडाले.

दुसऱ्या दिवशी दुपारी गल्लीतल्या नळांनी आधी वारा सोडला, मग गंज, मग पाणी. पहिल्या अर्ध्या तासातच धुणं कुणाचं आधी यावरून दोन भांडणं झाली. साखराबाईला कामावरून कुणी काढलं नाही; तशी हिंमतच कुणाची झाली नाही. मतं पडली तेव्हा प्रभाग सातातून अर्जुनरावांना पेटीभर सोडा, पसाभरही मिळाली नाहीत, आणि शहराने घरी पाठवलं ते वेगळंच.

नवे नगराध्यक्ष खुर्चीत बसून महिना झाला असेल. प्रभाग चारच्या सहा बाया केंद्रावर येऊन उभ्या राहिल्या.

“मावशी, आमच्या गटारीचं बी बघा की. नवा म्हणतोय, झालीया.”

“उद्या सकाळचं दूध झालं की या,” ती कॅन ओतत म्हणाली. “अन् कागद-पेन घेऊन या. नुस्तं रडगाणं आणू नका.”