एस्तेरच्या चपला

शनिवार, २० डिसेंबर. नाताळाआधीची चर्चची झाडलोट काढली होती. मदतीला एस्तेर आली. ती नायजेरियाची, आमच्या गावच्या कॉलेजात शिकते. आमच्याकडे चपला पायरीशी काढून आत सतरंजीवर बसायची पद्धत. एस्तेरने चपला काढल्या, पण हातात घेऊनच आत आली.

"अगं, ठेव बाहेर. इथे चोरण्यासारख्या चपला फक्त पाळकबाईंच्या आहेत," मी म्हटलं.

ती हसली. मग खिडकी पुसता पुसता म्हणाली, "आंटी, आमच्या चर्चमध्ये उपासना चालू असताना अतिरेकी आले. आम्ही अनवाणीच काट्यांतून पळालो. आईला पळता आलं नाही."

प्रार्थनेच्या वेळी ही मुलगी डोळे उघडे ठेवते, तेव्हा तिचं लक्ष नाही असं मला वाटायचं. मी मात्र भिंतीला टेकून खुशाल डोळे मिटते. पाठीमागून कोण आत येईल, हा विचार मला आयुष्यात कधी करावा लागलेला नाही.

"ते मागचं दार उघडतं का?" तिने विचारलं.

"छे, त्याला टेकून जुनी बाकं रचलीत. कित्येक वर्षं बंदच आहे."

ती पुन्हा काच पुसू लागली.

दुसऱ्या दिवशी सकाळी उपासनेआधी मी बाकं हलवली, गंजलेल्या कडीला तेल घातलं आणि दार सताड उघडलं. एस्तेर आल्यावर तिला म्हटलं, "इथे दाराशी बस. आणि चपला असू देत जवळ."