वुर्याणीबाईंची लुटुपुटूची फेरी

सोलो शहरातल्या त्या लहानशा रेडिओ केंद्रात वुर्याणीबाईंनी, तिकडच्या बोलीत बू वुर्याणींनी, उमेदीची सगळी वर्षं गाणी सांभाळण्यात घालवली. रोज दुपारी चहाआधी त्या संगणकाच्या काळ्या पडद्यावर एकच आज्ञा टाइप करायच्या: मूळ डिस्कवरचा फोल्डर जसा असेल, तसाच दुसऱ्या डिस्कवरचा करून टाक. मुळात नवं असेल ते प्रतीत घाल, मुळात नसेल ते प्रतीतून पूस. या पुसण्याचीच त्यांना धास्ती. म्हणून आधी त्या लुटुपुटूची फेरी घ्यायच्या. तीत घडत काहीच नाही, काय घडेल तेवढं दिसतं. लोक हसायचे. हसेनात का!

याच शिस्तीपायी त्यांनी फाटकावरच्या पहारेकऱ्याला, पाक तुकिजोला, एकदा झापलं होतं. त्यानं केंद्रातली गाणी मोबाइलवर घेतली होती.

"ही काय बापाची पेंड आहे? पुसा, माझ्यासमोर पुसा!"

त्यानं निमूटपणे पुसली.

कामातला जोडीदार नोकरी सोडून गेल्यापासून दोघांचं काम बाईंच्या एकटीच्या गळ्यात होतं. अंग नुसतं पिचून गेलं होतं. त्यात दुसऱ्या दिवशी रेत्नासिह येणार होती. तिच्या आईचं, गायिका न्यी गोंदोवातींचं, एकुलतं एक ध्वनिमुद्रण इथंच होतं. आई वारल्यानंतरच्या हजाराव्या दिवसाच्या जेवणावळीत तिला ते लावायचं होतं. दुपारी वीज गेली आणि आली. आजचा एक दिवस राहू दे ती फेरी, असं म्हणून बाईंनी थेट खरी आज्ञा दिली.

वीज जाताना मूळ डिस्क मेली होती. तिचा फोल्डर रिकामा दिसत होता, म्हणून यंत्रानं इमानेइतबारे प्रतही रिकामी केली.

दुरुस्तीवाल्यानं दोन्ही डिस्क तपासून हात वर केले. बाईंना रडायचंही त्राण नव्हतं. पाय ओढत त्या फाटकावर गेल्या.

"पाक तुकिजो, खरं सांगा. तेव्हा सगळं पुसलंत?"

"तुमच्या नाकासमोर पुसलं की, बू! खोटं कशाला बोलू?"

बाई माघारी वळल्या.

"पण बू... आमच्या मंडळींच्या मोबाइलवर त्याआधीच गेली होती हो. न्यी गोंदोवाती लावल्याशिवाय तिचा भातच शिजत नाही. तुम्ही फक्त माझंच पुसायला सांगितलं होतं!"

रेत्नासिहला बाईंनी काही न लपवता सगळं सांगितलं. जेवणावळीत तुकिजोच्या बायकोचा मोबाइल कर्ण्याला जोडला, आणि आईचा आवाज अंगणभर पसरला. रेत्नासिह हमसून रडली. बाई मागं भिंतीला टेकून बसल्या होत्या; दमून, पण जिवात जीव आलेला.

निघताना तुकिजो शेजारी येऊन हळूच म्हणाला, "बू, आता हेही पुसायचं ना?"

"हात लावून तर बघा!" बाईंनी आपला मोबाइल त्याच्यापुढं धरला. "माझ्यातही घाला."