गाडीला पाणी पाजणारे मामा

ट्रकवाल्यांनो, सल्ला हवाय. माझं डोकं चालत नाहीये.

काल सकाळी शहाडच्या पुलाजवळ आमचा ट्रक तापला. चालवत होते महादेवमामा, वडिलांच्या वेळेपासूनचे आमचे ड्रायव्हर. मागून सगळे हॉर्न मारत होते, म्हणून इंजिन थंड व्हायची वाट न बघता मामांनी ओलं फडकं धरून रेडिएटरचं झाकण उघडलं. उकळतं पाणी उसळून दोन्ही हातांवर आलं.

कोलशेतचा आमचा मेकॅनिक कधीपासून सांगतोय, रेडिएटरमध्ये पाण्याऐवजी बिनपाण्याचं कूलंट टाका. ते सहजासहजी उकळत नाही, वाफेचं प्रेशर होत नाही, असं अंगावर उडत नाही. मी एकाच अटीवर अडलेलो. त्यात पाणी अजिबात घालायचं नाही. घातलं की संपलं, परत तसंच उकळणार.

आणि मामा रोज सकाळी अगरबत्ती लावून रेडिएटरमध्ये बाटलीतलं पाणी ओततात. गाडीला पाजल्याशिवाय स्वतः चहा घेत नाहीत.

आज हॉस्पिटलच्या दारात मी ठरवलं, बस्स, कूलंट टाकायचंच. मग आत गेलो. मामांच्या हातांना कोपरापर्यंत पट्ट्या. पुन्हा स्टिअरिंग धरता येईल का, डॉक्टर सांगत नाहीत. मामी बशीने चहा पाजत होत्या. मामांनी तोंड फिरवलं.

"आज गाडीला पाणी पाजलं का रे कुणी?"

तुमच्यापैकी कुणी हे कूलंट वापरत असाल तर सांगा. या माणसाला "आता पाजू नका" हे मी कुठल्या तोंडाने सांगू?