मेहुण्याचा सत्कार

आमच्या घराण्यात गाणारा एकच, आणि तोही माझ्या रक्ताचा नाही. बायकोचा धाकटा भाऊ. गडचांदूरच्या सिमेंट कारखान्यात पॅकिंगला आहे, आणि सुटी असली की खोलीवर गिटार घेऊन बसतो. गाणी स्वतः लिहितो, चाली स्वतः लावतो, आणि तीही आपल्या बोलीत. त्यामुळे त्यांना कोणी गाणी मानत नाही. "घरी बोलतो तेच तारेवर काऊन ऐकाचं?" हे माझ्या सासूबाईंचं मत. गिटारला त्या 'ते लाकूड' म्हणतात.

गेल्या वर्षी तिथल्या शारदोत्सवाच्या कार्यक्रमात त्याला एका गाण्याची वेळ मिळाली. मिळाली म्हणजे मी मिळवून दिली. मंडळाचा सचिव माझा वर्गमित्र. हे मी आमच्या मूल गावाहून निघाल्यापासून बायकोला आणि सासूबाईंना इतक्यांदा ऐकवलं, की राजुऱ्याला चहाला थांबलो तेव्हा बायको म्हणाली, "आता टपरीवाल्यालेही सांगून द्या."

मंडपामागे मेहुणा तारा जुळवत उभा होता. मला बाजूला घेऊन म्हणाला, "भाऊजी, आईले समोर बसवा. पह्यला अंतरा बाबाचा हाय, दुसरा माहा, तिसरा आईचा. तिनं माह्यं एकही गाणं पुरं ऐकलं नाई. आज ऐकलं पाह्यजे. तिले फक्त सांगू नका."

मी सचिवाने छातीवर लावलेला स्वयंसेवकाचा बिल्ला दाखवला. "पह्यल्या लाइनीत सोफा हाय. माह्या राज्यात काळजी नाई कराची."

ऊन उतरता उतरता त्याचं गाणं सुरू झालं. खालच्या जाड तारेवर त्याचा अंगठा असा पडत होता, की मला मूलच्या राईस मिलचा फिरता पट्टाच ऐकू आला. सासरे जन्मभर त्याच पट्ट्याजवळ राबले. मग तो गायला:

"बापाच्या भुवईवर कोंडा, माह्या पापणीवर धूळ,
आरशात पाह्यलं तं वाटे, बापच आला कामावरून."

मला गाण्यातलं काही कळत नाही. आरतीतही माझी टाळी एक घर मागेच असते. पण अंगावर काटा आला. सासूबाई पिशवीत सुपारी शोधत होत्या. त्यांचा हात पिशवीतच थांबला. मागून कोणीतरी "सिनेमाचं होऊ दे!" म्हणून ओरडलं, तरी त्यांनी मान वळवली नाही.

तेवढ्यात सचिव वाकून माझ्या कानाशी आला. "सोफे खाली कर लवकर. पाहुणे आले."

"गाणं सुरू हाय ना!"

"गाणं कुठी पळून चाललं? तू वालंटियर हायेस की पाव्हणा?"

बिल्ला माझाच होता. मी प्लास्टिकची खुर्ची डोक्यावर घेतली, मागे पिशवी सांभाळत सासूबाई, त्यांच्यामागे लोकांची माफी मागत बायको, अशी आमची मिरवणूक मंडपातून निघाली. दुसरा अंतरा त्या मिरवणुकीतच गेला. जागा मिळाली ती भोंग्याच्या खोक्यामागे. तिथून मेहुण्याचे नुसते पाय दिसत होते.

तिसरा अंतरा यायच्या आत फटाक्यांची लड लागली आणि निवेदकाने माइक हातात घेतला. "कलाकारांनी एक मिनिट थांबावं." पाय थांबले.

मग हार, मग भाषण. पाहुणे कलेवर बोलले. स्थानिक कलाकाराला मंच मिळाला पाहिजे, असं त्यांनी त्याच मंचावरून सांगितलं, आणि मेहुणा गिटार गळ्यात अडकवून त्यांच्यामागे उभा राहून ऐकत होता. शेवटी त्याचा सत्कार झाला. शाल, नारळ, फोटो. निवेदक म्हणाला, "आपल्या सुमधुर गीताने त्यांनी आपल्याला तृप्त केलं आहे. आता महाप्रसादाचा लाभ घ्यावा." लोक चपला शोधत उठले. मी सचिवाला गाठून म्हटलं, "एक अंतरा राह्यला त्याचा." तो म्हणाला, "अरे, शाल देल्ली ना!"

सासूबाई मात्र हरखून गेल्या होत्या. शाल उलटीपालटी करून पाहत म्हणाल्या, "एवढ्या मोठ्या माणसाच्या हातून! तुह्ये बाबा पाह्यजे होते आज."

"गाणं ऐकलं का, आई?" मेहुण्याने विचारलं.

"भोंग्यामागं काय ऐकू येते, बाबू? सुरवातीले तुह्या बाबाचं काहीतरी होतं ना? पण वाजोलं लय जोरात. नाव झालं आता. ते लाकूड भिंतीले टांगलं तरी चालते."

दसऱ्यासाठी तोही आमच्याबरोबर मूलला निघाला. गाडी मी चालवत होतो. चंद्रपूर मागे पडलं तशा सासूबाई म्हणाल्या, "आता आपल्या माणसायसाठी एखादं चांगलं म्हण. जुनं, सिनेमाचं."

माझ्याच्याने राहवलं नाही. "आई, त्याच्या गाण्यात अजून एक..."

"राहू द्या, भाऊजी," तो मागून म्हणाला. "समोरून ट्रक येऊन राह्यला, तिकडं पाहा."

आणि त्याने गिटार मांडीवर घेऊन सिनेमाचं गाणं म्हटलं. फार सुंदर म्हटलं. सगळे अंतरे म्हटले, मध्ये कोणी पाहुणा आला नाही. सासूबाई डोळे मिटून शेवटपर्यंत मान डोलवत होत्या. गाणं संपल्यावर त्यांनी त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला.

"पाह्य, असं लिव्हत जाय ना."

"हो," तो म्हणाला.