मास्तरांची मांडी

खिडकीखालच्या लाकडी बैठकीवर मांडी घातल्याशिवाय मास्तर सुईत दोरा ओवत नसत. कोट मांडीवर पसरला की त्याचा भार मांडी पेलते. खुर्चीवर बसून शिवलं तर तो लोंबतो, अस्तर ओढलं जातं. दुकानात यंत्रं होती, पण अस्तराची हातशिलाई मास्तरांचीच.

डाव्या मांडीत गाठ निघाली तेव्हा डॉक्टरांनी चित्र दाखवलं. कमरेच्या हाडाच्या पुढच्या टोकापासून निघून, मांडीवरून तिरपा उतरत गुडघ्याच्या आतल्या अंगाला पोचणारा पट्टीसारखा स्नायू. शरीरातला सगळ्यांत लांब. पाय उचलून बाहेर वळवायला, गुडघा दुमडायला, म्हणजे मांडी घालायला हाच हात देतो.

"याचं नावच शिंप्यावरून पडलंय," डॉक्टर म्हणाले. "गाठ त्यातच आहे. अख्खा स्नायूच काढावा लागेल."

"घरचाच भेदी निघाला म्हणायचा."

"चालाल अगदी नीट. बाकीचे स्नायू काम वाटून घेतात. मांडी घालणं तेवढं जड जाईल. कातडी थोडी बधिर राहील."

बायकोचा जीव भांड्यात पडला. मास्तरांचा पडला नाही. चालण्यावर त्यांचं पोट नव्हतं.

जखम भरल्यावर ते बैठकीवर परतले. डावा पाय हातानं उचलून जागेवर ठेवावा लागे. शेजारी काजं करणारी बायको म्हणाली, "पायाला आता आमंत्रण लागतं वाटतं?"

"मोठा माणूस झालाय तो."

त्या दुपारी त्यांनी एका पांढऱ्या कोटाचं अस्तर पुरं केलं. गिऱ्हाईक आलं, मास्तर उठले आणि कोटाबरोबर त्यांची विजारही वर आली. अस्तर विजारीला शिवलं गेलं होतं. गिऱ्हाईक हसलं, बायकोही हसली. शिकताना प्रत्येक शिंपी हे एकदा करतो. पुन्हा करत नाही, कारण सुई खोल गेली की मांडीला टोचते.

मास्तरांनी टाके उसवले. अस्तराच्या कडेला लाल ठिपक्यांची ओळ उमटली होती. विजारीखाली मांडीवरही तशीच ओळ. एकही टोचणी त्यांना कळली नव्हती.

बायकोचं हसू थांबलं. "उद्या या," तिनं गिऱ्हाइकाला सांगितलं.

रक्ताचा डाग ज्याचा त्याच्याच थुंकीनं निघतो, असं शिंपी मानतात. मास्तर दोऱ्याचा गुंता चघळत, एकेक ठिपका टिपत राहिले.

"खुर्ची आणू का?" बायकोनं विचारलं.

"खुर्चीवर कोट लोंबतो."

"मग कसं करायचं?"

त्यांनी सुई रेटायचं बोटातलं अंगुस्तान काढून तिच्यापुढे धरलं. तिनं घालून पाहिलं.

"सैल होतंय."

"आतून चिंधी लाव," मास्तर म्हणाले, आणि हातानं पाय उचलून बैठकीवरून खाली उतरले.