निघण्याआधी गाडीखाली

अविनाश गेल्याचा फोन आला तेव्हा मी ड्राइव्हवेवरची पानं गोळा करत होतो. त्याची बायको मेधा सनीव्हेलहून बोलत होती. "मिलिंद, अव्या गेला रे," ती म्हणाली आणि मी वेड्यासारखं विचारलं, "कुठे?" त्याला आज सात आठवडे झाले.

आमची मैत्री होस्टेलपासूनची. अमेरिकेत तो सनीव्हेलला चिप डिझाइनमध्ये रमला, मी देशाच्या पार दुसऱ्या टोकाला, पार्सिपनीत, विम्याच्या सॉफ्टवेअरमध्ये. दोघांच्याही आयुष्यात चुकूनसुद्धा काही वेगळं घडलं नव्हतं. आणि मग या वर्षी मार्चमध्ये, वयाच्या चोपन्नाव्या वर्षी, हा गृहस्थ नोकरी सोडून नेव्हाडाच्या वाळवंटात कासवं वाचवणाऱ्या एका छोट्या संस्थेत कामाला लागला. कासवं! होस्टेलवर झुरळ दिसलं की पलंगावर चढून मला हाका मारणारा माणूस हा. महाराष्ट्र मंडळातले लोक विचारू लागले तेव्हा मेधाने आणि मी 'कन्सल्टिंग करतोय' असं ठोकून दिलं. आपल्यात कन्सल्टिंग म्हटलं की पुढे कोणी खोदून विचारत नाही.

पहिल्याच आठवड्यात त्याचा फोन आला, आवाज पार पडलेला. उन्हात एक कासव दिसलं म्हणून याने भलेपणाने ते उचलून झुडपाच्या सावलीत ठेवलं. घाबरलेल्या कासवाने अंगात साठवलेलं पाणी तिथेच सोडून दिलं. पाऊस नसतो तेव्हा महिनोन् महिने ते त्या पाण्यावरच जगतं. "पंचवीस वर्षांची पोरगी माझी बॉस," अव्या म्हणाला, "ओरडलीसुद्धा नाही. 'ॲव्ही, इट वॉज फाइन व्हेअर इट वॉज,' एवढंच म्हणाली. मदतच करायला गेलो होतो, यार..." मी हसलो. हसायला नको होतं.

सप्टेंबरअखेर मेधाने मला गळ घातली. "तुझं तो ऐकतो. त्याला समजाव, घेऊन ये. बीपीच्या गोळ्या घेतो की नाही देव जाणे, आणि मोठं हॉस्पिटल तिथून दोन तासांवर." मी गेलो, दोन दिवस राहिलो. त्याच्या राहत्या ट्रेलरमध्ये मुगाची खिचडी खाल्ली. तो बिळं शोधत, वहीत नोंदी करत काटेरी झुडपांतून चालायचा आणि मी धापा टाकत मागे. उन्हाने रापलेला हा माणूस सुखी होता का? मला खरंच सांगता येणार नाही. गप्प असायचा, पण गप्प तो आधीही असायचाच. निघताना गाडीत बसलो आणि एकदाचं विचारायचं ठरवून तोंड उघडलं, तेवढ्यात तो म्हणाला, "थांब, सुरू करू नकोस," आणि गुडघे टेकून गाडीखाली पाहू लागला. गाडीच्या सावलीला कासवं येऊन बसतात म्हणे. "ये, बघ." होतं एक, ताटलीएवढं. ते आपण होऊन निघून जाईपर्यंत आम्ही दोघं मुकाट उभे राहिलो, चांगली चाळीस मिनिटं. मग विमानाची घाई झाली आणि विचारायचं राहूनच गेलं... की मीच राहू दिलं? मेधाला मात्र सांगितलं, "विचारलं गं. नाही म्हणाला."

तीन आठवड्यांनी त्याला हार्ट अटॅक आला. हॉस्पिटल दोन तासांवरच होतं.

सनीव्हेलला भेटायला आलेले लोक कन्सल्टिंगचा प्रोजेक्ट अर्धवट राहिल्याबद्दल हळहळत होते. मला तिथे बसवेना. मेधा विमानतळावर सोडायला निघाली तेव्हा पार्किंगमध्येच मी सांगून टाकलं, "मी त्याला विचारलंच नव्हतं."

"माहितीये," ती म्हणाली. "तू निघाल्यावर त्याचा फोन आला होता. म्हणाला, मिल्या दोन दिवस काही बोललाच नाही. विचारलं असतं तर आलो असतो."

"हसत म्हणाला का?"

"त्याचं कधी कळलंय का आपल्याला?"

मग तू का नाही विचारलंस, हे माझ्या ओठांवर आलं होतं. तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि गिळलं.

आता रोज सकाळी ऑफिसला निघताना मी वाकून गाडीखाली पाहतो. "अरे, आपल्या ड्राइव्हवेत कुठली आली कासवं?" असं बायको म्हणते, आणि तिचं बरोबरच आहे. खाली ओली पानं असतात, बाकी काही नाही. तरी मी लगेच उठत नाही. किल्ली हातात धरून थोडा वेळ तसाच थांबतो आणि मग विचारतो, "अव्या, येतोस का परत?"